संपलेल्या ॲसिडातलं तांबं: एका छोट्या कारखान्याच्या पिकलिंग शॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना. स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची उपकरणं) बनवणाऱ्या कंपन्यांना तांब्याचे आणि पितळेचे छोटे भाग पुरवणं हे त्याचं काम: बसबारचे तुकडे, टर्मिनल, ब्रेझिंग केलेले कॉन्टॅक्ट. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत आणि आकडे गोळाबेरजेचे आहेत. पण ते एकमेकांशी जुळते ठेवले आहेत, म्हणजे कुणाला कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहायचे असतील तर पाहता येतील.

ॲनिलिंग (तापवून मऊ करणं) किंवा ब्रेझिंगनंतर (वितळलेल्या धातूने सांधल्यानंतर) तांब्यावर काळपट थर चढतो. तो निघाल्याशिवाय त्यावर कथिलाचा किंवा चांदीचा मुलामा धरत नाही. म्हणून माल आधी सौम्य गंधकाम्लात बुडवतात. हेच पिकलिंग, आणि टाकीतलं द्रावण म्हणजे बाथ. थर विरघळतो, तांबं ॲसिडात उतरतं आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस निळं होत जातं. या कारखान्यात १००० लिटरच्या अशा दोन टाक्या होत्या. नवीन बाथ भरताना लिटरला १५० ग्रॅम ॲसिड असायचं. तांबं लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास पोचलं की माल साफ व्हायला दुप्पट वेळ लागू लागे. मग शॉपमधले लोक ‘बाथ संपला’ म्हणत आणि टाकी रिकामी करत. महिन्याला साधारण दोन टाक्या अशा संपत.

याशिवाय चमक आणण्यासाठी २०० लिटरची एक छोटी टाकी होती. तिच्यात नायट्रिक आणि गंधकाम्लाचं मिश्रण असे. तिला ‘ब्राइट डिप’ म्हणत. पुढे सगळ्यात जास्त डोकेदुखी या छोट्या टाकीनेच दिली.

समस्या

संपलेला बाथ ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत) सोडायचा, चुना घालायचा, तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसलं की फिल्टर प्रेसमधून गाळ काढायचा, अशी वर्षानुवर्षांची पद्धत होती. ती चुकीची नाही. पण एका टाकीचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा मालकांसह सगळेच गप्प झाले.

एका टाकीत ४० किलो तांबं आणि सुमारे ८० किलो न वापरलेलं मोकळं ॲसिड असतं. या मोकळ्या ॲसिडाला मारायला घातलेल्या चुन्यातून जवळपास १४० किलो जिप्सम तयार होतं. तांब्याशी जोडलेल्या सल्फेटमधून आणखी १०८ किलो. तांब्याचं हायड्रॉक्साइड ६० किलो. म्हणजे ४० किलो तांब्यापायी ३०० किलोंहून जास्त कोरडा गाळ, आणि प्रेसमधून निघणाऱ्या केकमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते धरलं की एका टाकीमागे पाऊण टन आणि महिन्याला दीड टन गाळ. त्यातला बहुतेक भाग तांब्याचा नव्हताच. जे ॲसिड अजून वापरण्याजोगं होतं ते मारण्यातून तो तयार झाला होता.

हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार तो आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचा नोंदपत्रक) भरून तळोजा, रांजणगाव यांसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा लागतो. छोट्या कारखान्याची इथे कोंडी होते. ट्रक भरेपर्यंत थांबावं तर मुदत उलटते आणि अर्धा ट्रक पाठवावा तर भाडं पूर्णच द्यावं लागतं. शेडमागे पोत्यांची थप्पी वाढत होती.

त्यात भर म्हणजे सोडलेल्या पाण्यात तांबं लिटरला ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर सापडलं आणि कारणे दाखवा नोटीस आली. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. ईटीपी रोजच्या धुण्याच्या पाण्यासाठी बांधलेली होती. संपलेल्या बाथचे हजार लिटर एका दुपारी तिच्यात ओतले की सामू (पीएच) घसरायचा, चुना अंदाजाने पडायचा आणि तांब्याचा काही भाग खाली न बसता तसाच पुढे जायचा.

मालकांनी आम्हाला बोलावलं ते एका वाक्यानिशी: “तांबं आपण किलोच्या भावाने विकत घेतो आणि टनाच्या भावाने पैसे मोजून टाकून देतो. यावर काहीतरी करा.”

पर्यायांचा विचार

सगळ्यात सोपा पर्याय आहे तेच नीट करण्याचा होता. संपलेला बाथ वेगळ्या टाकीत साठवायचा आणि पंपाने थोडा थोडा ईटीपीत सोडायचा. हे लगेच केलं, कारण नोटिशीला उत्तर द्यायचं होतं. पाण्यातलं तांबं मर्यादेत आलं. गाळ मात्र तेवढाच राहिला.

दुसरा पर्याय मोरचूद (कॉपर सल्फेट) बनवणाऱ्याला हा बाथ देण्याचा. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना किती लागतो हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे ही कल्पना मालकांना सर्वांत जवळची वाटली. आम्हालाही ती वाईट वाटली नाही. पण दोन अडचणी निघाल्या. लिटरला ४० ग्रॅम तांबं असलेल्या द्रावणातून मोरचूदाचे खडे आपोआप पडत नाहीत. पाणी आटवावं लागतं किंवा द्रावण बरंच थंड करावं लागतं. त्यामुळे घेणारा भाव देत नाही, उलट वाहतूक तुमच्यावर टाकतो. आणि घेणाऱ्याकडे अशा कचऱ्यासाठी स्वतःचं अधिकारपत्र असावं लागतं. ज्या दोघांशी बोलणं झालं त्यांच्यापैकी एकाकडे ते नव्हतं. टँकर फाटकाबाहेर गेला म्हणून जबाबदारी संपत नाही, हे मालकांना पटलं.

लोखंडी भंगार टाकून तांबं काढण्याची जुनी युक्ती फोरमन काकांनी सुचवली. ती चालते, तांबं भुकटी होऊन पडतंही. पण एक किलो तांब्यामागे जवळपास ९०० ग्रॅम लोखंड विरघळतं, त्याशिवाय मोकळं ॲसिडही लोखंड खातं, आणि शेवटी हातात राहतं ते लोखंडाने भरलेलं, पुन्हा न वापरता येणारं द्रावण. गाळाचा प्रश्न होता तिथेच राहतो, फक्त त्याचा रंग बदलतो.

आयन एक्स्चेंज रेझिन, म्हणजे पाण्यातला विरघळलेला धातू धरून ठेवणारे दाणे, इतक्या दाट द्रावणासाठी योग्य नाही. ते धुण्याच्या पातळ पाण्यासाठी बरं. म्हणून ते बाजूला ठेवलं.

उरला विद्युत-अपघटनाचा पर्याय. टाकीत दोन प्रकारचे पत्रे, ऋण (कॅथोड) आणि धन (ॲनोड), टांगायचे आणि त्यांतून एकदिश प्रवाह सोडायचा. कॅथोडवर तांबं धातू होऊन बसतं. ॲनोडवर पाणी फुटून ऑक्सिजन निघतो आणि मागे आम्ल राहतं. या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लोकांचं लक्षच जात नाही. एक किलो तांबं कॅथोडवर बसतं तेव्हा द्रावणात सुमारे दीड किलो गंधकाम्ल पुन्हा तयार होतं. पिकलिंगमध्ये जे घडलं त्याच्या बरोबर उलट. तांबं काढून घेतलेला बाथ म्हणजे पुन्हा पिकलिंगचं ॲसिड. गाळाचा मोठा हिस्सा ॲसिड मारण्यातून येत असल्यामुळे या प्रकरणाचा कणा इथे होता, तांब्याच्या विक्रीत नव्हे.

प्रवाहाचा हिशेब मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये मांडलेल्या नियमाचा आहे, आणि तो सुदैवाने वाद न घालता करता येतो. एक अँपिअर प्रवाह तासभर चालला तर जास्तीत जास्त १.१८५ ग्रॅम तांबं बसतं. महिन्याला ८० किलोंसाठी अडीचशे अँपिअरचा सेल (पत्रे टांगलेली ही टाकी) पुरणार होता. म्हणजे कॅथोडचा सगळा मिळून पृष्ठभाग सव्वा चौरस मीटर. कपड्यांच्या कपाटापेक्षा मोठी नसलेली टाकी.

पहिला निर्णय: नेमकं कोणतं ॲसिड घ्यायचं?

मोठी ऑर्डर देण्याआधी २० लिटरच्या पीपी (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक) टाकीत चाचणी घेतली. सुरुवातीला कॅथोडवर छान गुलाबी तांबं दिसलं. पण कॅथोड काढून वजन केलं तेव्हा हिशेबाने यायला हवं होतं त्याच्या जेमतेम निम्मं भरलं. पत्र्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि टाकीवर किंचित तपकिरी धूर दिसला.

तो तपकिरी धूर पाहिल्यावर संशय नायट्रिकवर गेला. फोरमन काकांना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “साहेब, ब्राइट डिप संपला की तोही त्याच ड्रममध्ये जातो. दोन्ही ईटीपीलाच जायचं ना?” त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हतं. सगळं चुन्यात मरणार असेल तर वेगळं ठेवायचं कशाला?

विद्युत-अपघटनात मात्र नायट्रेट असलं की कॅथोडवर तांब्याऐवजी नायट्रेटवरच प्रवाह खर्च होतो, नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात आणि बसलेलं तांबंही परत विरघळतं. अशा द्रावणात शिशाचे ॲनोडही टिकत नाहीत. नायट्रिक न मिसळलेला बाथ घेऊन तीच चाचणी पुन्हा केली. वजन हिशेबाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलं.

इथे दोन मार्ग होते. नायट्रेट सहन करणारी, जास्त खर्चाची व्यवस्था बसवायची, किंवा ब्राइट डिप पूर्ण वेगळा ठेवायचा. दुसरा मार्ग निवडला. लाल झाकणाचे वेगळे ड्रम आले, ब्राइट डिपच्या टाकीचा निचरा मुख्य गटारातून तोडला आणि त्या टाकीनंतर धुण्याची स्वतंत्र छोटी टाकी दिली. सगळ्या प्रकल्पातला सर्वांत स्वस्त बदल हा होता, आणि तो झाला नसता तर बाकीचा खर्च वाया गेला असता.

दुसरा निर्णय: कुठे थांबायचं?

यंत्र विकायला आलेल्या दोघांनीही ‘तांबं शेवटच्या ग्रॅमपर्यंत काढून देतो’ असं सांगितलं होतं. ऐकायला हे चांगलं वाटतं आणि उत्पादन व्यवस्थापकांचाही तोच आग्रह होता.

आम्ही चाचणीत तांबं मुद्दाम खाली खाली नेत गेलो. लिटरला ४० ते २० ग्रॅमपर्यंत थर घट्ट आणि गुळगुळीत बसत होता. १० च्या खाली, प्रवाह तोच ठेवला तर, थर खरबरीत झाला. ५ च्या खाली भुकटी सुटू लागली आणि कॅथोडवर बुडबुडे दिसू लागले. हा हायड्रोजन. तांब्याचे आयन पत्र्यापर्यंत पुरेशा वेगाने पोचत नाहीत, तेव्हा प्रवाह दुसरं काम शोधतो. १ ग्रॅमच्या आसपास पोचल्यावर दिलेल्या विजेतली बहुतेक वाया जात होती. भुकटीचे काटे ॲनोडपर्यंत वाढून शॉर्ट होण्याची भीती वेगळीच.

मग प्रश्न उलटा विचारला: हे ॲसिड जाणार कुठे आहे? ते परत पिकलिंगच्या टाकीतच जाणार असेल, तर त्यात लिटरला १० ग्रॅम तांबं राहिल्याने काय बिघडतं? शॉपमध्ये करून पाहिलं. नव्या बाथइतकाच माल साफ झाला. म्हणजे शेवटचे १० ग्रॅम काढायची गरजच नव्हती. ते दर फेरीत टाकीत फिरत राहतील.

या एका उत्तराने सेलचा आकार, विजेचा खर्च आणि धोका, तिन्ही कमी झाले. ठरलं ते असं: ४० पासून २० ग्रॅमपर्यंत चौरस मीटरला २०० अँपिअर, त्याखाली १००, आणि १० ला बंद. सोबत खालून हवेचे बारीक बुडबुडे, म्हणजे द्रावण हलतं राहील. एका टाकीला साडेसहा दिवस लागतात. दोन टाक्यांना मिळून तेरा-चौदा. महिना पुरतो. दोन व्होल्टच्या आसपासच्या दाबावर किलोमागे दोन ते अडीच युनिट वीज लागते, म्हणजे वीस-बावीस रुपये. त्या काळात तांब्याचा भाव किलोला ८०० रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे विजेच्या खर्चावर कुणी दुसऱ्यांदा बोललं नाही.

तिसरा निर्णय: जस्ताचं काय?

तांबं काढता येतं, पण पितळेतून उतरलेलं जस्त या सेलमध्ये निघत नाही. या परिस्थितीत जस्त बसण्याआधी हायड्रोजनच निघतो. ॲसिड फिरत राहिलं की जस्त प्रत्येक फेरीत साठत जातं. लोखंडी हुकांमधून थोडं लोखंडही येतं, आणि ते जास्त झालं की एका पत्र्यावर जाऊन दुसऱ्यावर परत येण्याच्या खेळात प्रवाह खातं. ॲसिड कायमचं फिरवता येईल अशी जी आशा मालकांना वाटू लागली होती ती इथे आवरावी लागली.

यावर आम्ही सुचवलं, एक टाकी फक्त तांब्याला आणि दुसरी फक्त पितळेला द्या. उत्पादन व्यवस्थापकांचा कडवा विरोध झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हॉइस्ट एकच आहे, माल ज्या क्रमाने येतो त्या क्रमाने बुडवावा लागतो, पितळेचा माल आठवड्यातून तीनच दिवस असतो, मग एक टाकी रिकामी ठेवू का? त्यांचं खरं होतं. शेवटी तडजोड झाली. पितळेचे दिवस ठरवले, त्या दिवशी दोन नंबरची टाकी फक्त पितळेची. बाकी दिवशी ती तांब्यालाही चालेल, पण एक नंबरमध्ये पितळ कधीही नाही.

याचा फायदा असा की एक नंबरचं ॲसिड बराच काळ फिरतं. दोन नंबरमध्ये जस्त लिटरला ३० ग्रॅमवर गेलं की तो बाथ काढून टाकायचा, साधारण चार महिन्यांनी एकदा. आणि फक्त त्या वेळी, निरोपाच्या फेरीत, सेल ३ ग्रॅमपर्यंत खाली चालवायचा. वीज जास्त जाते, भुकटी पिशवी-गाळणीत धरावी लागते, पण तेवढं तांबं चुन्यात जात नाही.

सेल उभारताना

ॲनोडची निवड इथे सांगण्यासारखी आहे. शिशाचा ॲनोड स्वस्त, पण त्याचे पापुद्रे सुटून द्रावणात शिसं मिसळतं आणि तळाचा गाळ पुन्हा घातक कचरा. स्विचगिअरच्या ग्राहकांना मालावर शिसं चालत नाही, म्हणून टायटॅनियमवर मिश्र ऑक्साइडचा लेप असलेला ॲनोड ठरवला. एका पुरवठादाराने बऱ्याच कमी किमतीत अशीच जाळी देऊ केली. चौकशीत कळलं की तिचा लेप रुथेनियमचा, म्हणजे क्लोरिन काढण्याच्या कामाचा होता. गंधकाम्लात ऑक्सिजन काढायला इरिडियम-टँटलमचा लेप लागतो. रुथेनियमवाला इथे लवकर झिजून गेला असता. दिसायला दोन्ही जाळ्या सारख्याच काळ्या असतात, त्यामुळे लेप कोणता हे लेखी मागून घेणं हाच उपाय.

कॅथोडसाठी स्टेनलेसचे पत्रे आणून त्यावरून तांबं सोलायचं, असा मूळ बेत होता. पण कडांना प्लास्टिकची पट्टी नसेल तर तांबं दोन्ही बाजूंनी वळून एकच कवच होतं आणि ते सोलून निघत नाही. तेव्हा शॉपमधल्याच एका तरुण ऑपरेटरने विचारलं, “आपल्याकडे तांब्याच्या पत्र्याचे उरलेले तुकडे आहेतच, तेच टांगले तर?” टांगले. त्यावरच तांबं जाड होत जातं आणि अख्खा पत्रा तसाच भंगारात विकता येतो. सोलण्याचा प्रश्नच मिटला.

सेलवर झाकण आणि एक्झॉस्ट आहे, कारण ऑक्सिजनचे बुडबुडे फुटताना ॲसिडाचा बारीक फवारा उडतो आणि तो रोज श्वासात जाणं चांगलं नाही. एक्झॉस्टचा पंखा बंद पडला तर सेलला एकदिश प्रवाह देणारा रेक्टिफायरही बंद होतो, अशी जोडणी केली. निरोपाच्या फेरीत हायड्रोजन निघतो, त्यासाठी हे हवंच होतं.

परवानगीचा मुद्दा

२०१६ च्या नियमांतला नववा नियम सांगतो की घातक कचऱ्याचा साधनसामग्री म्हणून वापर, अगदी ज्याने तो निर्माण केला त्याच्याच आवारात, तो मूळ प्रक्रियेचा भाग नसेल तर, अधिकारपत्राशिवाय करता येत नाही. मालकांचे हिशेबनीस म्हणत होते की सेल पाइपने थेट पिकलिंगच्या टाकीला जोडला की तो प्रक्रियेचाच भाग झाला, विचारायचं कशाला. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या बाजूने बोलता आलं असतं. पण आधीच नोटीस आलेल्या कारखान्याने स्वतःच अर्थ लावून पुढे जाणं आम्हाला धोक्याचं वाटलं. आराखडा, चाचणीचे आकडे आणि गाळ किती कमी होईल याचा तक्ता जोडून संमतिपत्रात बदलासाठी अर्ज केला. वेळ गेला, मालक वैतागले. परवानगी आल्यावरच मोठा सेल चालू केला.

परिणाम

सेल, रेक्टिफायर, ॲनोड, पंप आणि पाइप मिळून सहा-सात लाखांचा खर्च आला. महिन्याला साठ-पासष्ट किलो तांबं मिळू लागलं. ऐंशी नाही, कारण काही तांबं मालाबरोबर चिकटून धुण्याच्या पाण्यात जातं. गाळ दीड टनावरून अर्ध्या टनाच्या आसपास आला. नव्या ॲसिडाची खरेदी तिसऱ्या हिश्श्यावर आली, पण गंधकाम्ल मुळात स्वस्त असल्याने तिथली बचत छोटी. मोठी बचत चुना, गाळ आणि त्याच्या वाहतुकीत झाली. दीड वर्षाच्या आत पैसे फिटले. शेडमागची थप्पी गेली आणि ९० दिवसांची मुदत पुन्हा मोडली गेली नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काही महिन्यांनी थर काळपट येऊ लागला. माल घडवणाऱ्या प्रेसवर वापरलेलं तेल नीट न धुता माल पिकलिंगला येत होता. कार्बनच्या गाळणीने ते सुटलं, पण आधीची धुलाई सुधारणं हा त्याचा खरा इलाज होता. मग सेल चालवणारा तो तरुण ऑपरेटर दुसरीकडे गेला. तांबं किती उरलंय हे आयोडाइड-थायोसल्फेटच्या टायट्रेशनने (रसायन थेंबाथेंबाने घालून प्रमाण काढण्याच्या पद्धतीने) मोजायचं त्यालाच येत होतं. नव्या माणसाने घड्याळ पाहून सेल चालवला. त्या आठवड्यात माल कमी असल्याने सुरुवातीचं तांबंच कमी होतं. सेल १० च्या खूप खाली गेला, भुकटी वाढली, पत्रे एकमेकांना चिकटले आणि रेक्टिफायर ट्रिप झाला. कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर लिटरला ४०, ३०, २०, १० आणि ५ ग्रॅम तांब्याच्या द्रावणांच्या बाटल्या खिडकीत ओळीने ठेवल्या. नमुना त्यांच्याशेजारी धरायचा आणि निळा रंग जुळवायचा. टायट्रेशनइतकं अचूक नाही, पण रात्रपाळीतल्या कुणालाही जमतं, आणि कुठे थांबायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

काय वेगळं करता आलं असतं

धुण्याच्या पाण्याचं काम सेलच्या आधी व्हायला हवं होतं. पिकलिंगनंतर लगेच स्थिर पाण्याची एक टाकी ठेवली, माल तिच्यात एकदा बुडवला आणि तेच पाणी पिकलिंगची पातळी भरायला वापरलं, तर चिकटून जाणारं बरंचसं तांबं आणि ॲसिड परत येतं. ही टाकी आम्ही शेवटी बसवली. आधी बसवली असती तर सेलकडे येणाऱ्या तांब्याचा खरा आकडा आधीच कळला असता आणि त्या आकड्यावर सेलचा आकार ठरवता आला असता. माल टाकीवर दहा-पंधरा सेकंद जास्त निथळू देणं हा तर फुकटचा उपाय. पीसरेटवर काम करणाऱ्याला तो महाग पडतो, म्हणून आधी पीसरेट बदलावा लागला.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक टाकीतून काय निघतं आणि कुठे जातं याचा नकाशा काढला असता, तर नायट्रिकची भानगड चाचणीआधी कळली असती. हा नकाशा ऑफिसात बसून निघत नाही. ड्रम उचलणाऱ्या माणसाबरोबर दिवसभर फिरावं लागतं.

पहिल्या ऑपरेटरबरोबरच दुसऱ्यालाही शिकवायला हवं होतं. छोट्या कारखान्यात दोन माणसांचा वेळ मिळत नाही, हे मान्य. पण रेक्टिफायरची दुरुस्ती आणि आठवडाभर बंद पडलेला सेल त्याहून महाग पडला.

ब्राइट डिपचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याचे लाल ड्रम सध्या अधिकृत केंद्राकडे जातात. नायट्रिकऐवजी गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरून पाहण्याचं चालू आहे. त्यातून तपकिरी धूर निघत नाही आणि त्यातलं तांबं मोरचूद म्हणून काढता येण्यासारखं असतं. पण पेरॉक्साइड शिल्लक असताना हे द्रावण सेलमध्ये घेतलं तर तेही बसलेलं तांबं विरघळवतं. म्हणून आधी पेरॉक्साइड पूर्ण मोडू द्यायचं, मग मोरचूद की सेल हे ठरवायचं, असा सध्याचा बेत आहे. काही नमुने चमकीच्या तपासणीसाठी ग्राहकाकडे गेले आहेत. त्यांनी होकार दिला तर नायट्रिकची ती टाकी काढून टाकता येईल.